चौथ्या रविवारचं फुटेज

माझी पाच मिनिटांची एक फिल्म दर वर्षी नव्या मुलांना दाखवतात. नाशिकला ज्या कॉलेजात मी शिकले, तिथं दुसऱ्या सत्रात 'दृश्यातून गोष्ट सांगणं' असा एक विषय असतो. त्याच्या पहिल्या तासाला पडदे ओढतात, प्रोजेक्टर लावतात आणि माझे वडील भिंतीवर येतात. देवळाली कॅम्पातल्या त्यांच्या टेलरिंगच्या दुकानात ते कापड पसरतात, खडूनं रेघ मारतात, मध्येच थांबतात, मग कात्री उचलतात. सगळ्या फिल्ममध्ये शब्द एकही नाही. मागं एक साधी धून आहे, ती माझ्या वर्गातल्या एका मुलीनं पेटीवर वाजवलेली. शेवटी पप्पा दुकानाचं शटर ओढतात आणि अंधार होतो. मुलं टाळ्या वाजवतात, असं ऐकते.

यंदा तो विषय शिकवणाऱ्या सरांनी मला बोलवून घेतलं. मुलांशी दोन शब्द बोल म्हणाले. मी दोनदा टाळलं. लग्नाचे व्हिडिओ एडिट करण्याचं माझं काम आहे, आणि सीझनमध्ये मला जेवायची फुरसत नसते, हे कारण खरंही असतं आणि सोयीचंही. तिसऱ्यांदा मात्र गेले. फिल्म संपल्यावर पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅम, तुमचे वडील खरंच इतके शांत आहेत?"

मी म्हणाले, "हो."

इतकं सरळ खोटं मी बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते.

माझे वडील शांत वगैरे काही नाहीत. त्यांच्यासारखा बडबड्या माणूस कॅम्पात दुसरा नसेल. मूळचे ते नामपूरचे. तरुणपणी कॅम्पात आले आणि जवानांच्या वर्द्या शिवायला लागले. पंजाबी जवान आला की पंजाबीचे चार शब्द, मद्रासी आला की त्याच्या गावचा पाऊस, आणि कोणीच आलं नाही की रेडिओवाल्याशी भांडण. रेडिओवर कोणी काही बोललं की हे त्याला उत्तर देणार. बटण लावता लावता दोरा तोंडात धरलेला असायचा, तरी बोलणं चालूच. लहानपणी शेजारच्या बायका आईला विचारायच्या की, कशी गं राहतेस? आई म्हणायची, "मी आपली हं म्हणते आणि भाजी निवडते."

आई गेली तेव्हा मी दहावीत होते. घर म्हणजे दुकानामागच्या दोन खोल्या, तिथं अभ्यास व्हायचा नाही म्हणून परीक्षेआधी मला मामाकडं नामपूरला ठेवलं होतं, परीक्षेचं केंद्रही तिथलंच घेतलं होतं. त्याच दिवसांत आईला दवाखान्यात ठेवलं. अकरा दिवस ती तिथं होती. मला कोणी सांगितलं नाही. शेवटचा पेपर झाल्यावर मामानं मला जीपमध्ये बसवलं आणि सटाण्याच्या पुढं आल्यावर सांगितलं. तोवर सगळं उरकलं होतं. त्या अकरा दिवसांत आईजवळ फक्त पप्पा होते. ती काय बोलली, तिला कळलं होतं का, माझी आठवण काढली का, हे सगळं एकट्या त्यांनाच ठाऊक. आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर तासन्‌तास बोलणाऱ्या त्या माणसानं या एका गोष्टीवर चकार शब्द काढला नाही. मी दोन-तीनदा विचारलं. ते म्हणायचे, "सांगतो कधीतरी." आणि लगेच वर्दीच्या कापडाला हल्ली कसा दम राहिला नाही ते सुरू करायचे.

त्यामुळं मला त्यांच्या बोलण्याचा राग यायला लागला. नको ते सगळं सांगतात आणि हवं ते सांगत नाहीत, असा तो राग. कॉलेजला प्रवेश मिळाल्यावर मी गंगापूर रोडला एका खोलीत राहायला गेले. कॅम्पातून रोज बसनं येणं सहज जमलं असतं, बाकीच्या मुली सिन्नरहूनसुद्धा यायच्या. मी पप्पांना बसच्या वेळांचं कारण दिलं. खरं कारण असं की, मला शांतता हवी होती. ती मिळाली. पहिल्या आठवड्यात इतकी मिळाली की, मी संध्याकाळी खाली जाऊन दूधवाल्याशी उगाच गप्पा मारायचे. पण हे मी तेव्हा कोणाला कबूल केलं नसतं.

तर दुसऱ्या सत्रात फिल्मचं काम आलं. अट एकच होती: पाच मिनिटं, आणि संवाद किंवा निवेदन नाही. सरांचं म्हणणं असायचं की, ऐकू यायला लागलं की माणूस बघायचा थांबतो. कॅमेऱ्याचा आवाजच बंद करून टाका, म्हणजे तुम्हाला डोळ्यांवर विसंबावं लागेल. आणि बोलणारे चेहरे घेऊ नका, हात घ्या. आम्ही हे सगळं वहीत लिहून घेतलं. वर्गातल्या मुलांनी विषय शोधायला गोदाकाठ पालथा घातला. माझ्या डोळ्यांपुढं पप्पांचे हात आले. खोटं कशाला बोलू, आवाजाशिवायचे पप्पा ही कल्पनाही मला आवडली.

कॉलेजचा कॅमेरा शनिवारी संध्याकाळी मिळायचा आणि सोमवारी सकाळी परत द्यावा लागायचा. म्हणून मी चार रविवार ठरवले. पहिल्या रविवारी दुकानात गेले तर पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून बसलेले. मी म्हणाले, "रोजच्यासारखं राहा हो." त्यांनी शर्ट बदलला नाही. मी मोठा दिवा त्यांच्यासमोर लावला, कॅमेरा स्टँडवर चढवला, मेनूत जाऊन आवाजाचं बटण बंद केलं आणि त्यांना सांगितलं की बोलू नका, फक्त काम करा.

अर्धा तास त्यांनी प्रयत्न केला. पण न बोलता त्यांना कापड बेतताच येईना. हात अवघडले. खडूची रेघ वाकडी गेली, ती पुसली, पुन्हा वाकडी गेली. एका बाहीचं कापड तिरकं कापलं गेलं. इतक्या वर्षांत मी त्यांची कात्री चुकलेली पाहिली नव्हती. शेवटी ते माझ्याकडं असे बघायला लागले की मलाच कसंतरी झालं.

मी म्हणाले, "बरं, बोला. काय बोलायचं ते बोला."

"सगळं बोलू?" त्यांनी विचारलं.

"हो, सगळं बोला."

ते थोडा वेळ दिव्याकडं बघत राहिले. मग त्यांनी नवं कापड पसरलं, खडू उचलला आणि बोलायला लागले. हात सुरळीत चालू झाले. खडू अगदी लोण्यातून गेल्यासारखा सरकत होता. मला हवं होतं ते मिळालं. आवाज बंद आहे हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ते गप्प झाले असते आणि हात पुन्हा अडकले असते. त्यांचं बोलणं मला फक्त हातांसाठी हवं होतं. सुरुवातीची दोन वाक्यं माझ्या कानावर पडली. "नामपूरच्या बाजारात तुनी माय मला पहिल्यांदा दिसली..." असं काहीतरी होतं. तुनी माय, म्हणजे तुझी आई. अहिराणीत ते फक्त घरच्या माणसांशी बोलायचे. माझ्या हे लक्षात आलं नाही असं नाही. पण लग्नाची ती गोष्ट मी लहानपणी दहा वेळा ऐकली होती. मी कानात इअरफोन घातले आणि पेटीची धून लावली, म्हणजे शॉट धुनीच्या लयीत घेता येतील.

चारही रविवार असेच गेले. ते बोलत होते, मी धून ऐकत होते. माझी नजर कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर होती आणि त्या पडद्यावर त्यांचे हात होते. तोंड चौकटीबाहेर. तिकडं फायरिंग रेंजवर तोफांचा सराव चालायचा तेव्हा टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरायचं, तो शॉट मी लगेच घेतला. तो थरथरणारा पेला सरांना फार आवडला पुढं.

चौथ्या रविवारी पप्पा काम करेनात. खुर्चीत बसले, हात मांडीवर ठेवले आणि बोलायला लागले. मी दहा मिनिटं वाट पाहिली. हातच हलत नाहीत तर घेऊ काय? कॅमेरा मागं सरकवून सगळं दुकान चौकटीत घेतलं, म्हटलं राहू दे चालू, मध्येच उठले तर मिळेल काहीतरी. आणि दिव्यामागून हळूच बाहेर पडले. बाजारात जाऊन मिसळ खाल्ली, चहा घेतला. परत आले तेव्हा कॅमेरा अर्ध्या तासानंतर बंद पडतो तसा आपोआप बंद पडला होता. पप्पा तसेच बसले होते.

"झालं?" मी विचारलं.

"झालं," ते म्हणाले. आणि आत जाऊन त्यांनी तोंड धुतलं.

फिल्म झाली. कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवली तेव्हा मी पप्पांना बोलावलं होतं. ते तोच शर्ट घालून आले आणि दुसऱ्या रांगेत बसले. पाच मिनिटं ताठ बसून होते. मी त्यांच्याकडं बघत होते, म्हणून मला माहीत आहे की, ते एकदा मागं वळून स्पीकर कुठं आहेत ते बघत होते. संपल्यावर सर उभे राहिले. त्यांनी एक शॉट पुन्हा लावायला सांगितला, ज्यात पप्पांचा खडू कापडावर सरकता सरकता थांबतो, दोन क्षण तसाच राहतो आणि मग पुढं जातो. सर म्हणाले, "या थांबण्यात बघा सगळं आहे. माणसाचं एकटेपण असं दाखवायचं असतं." मला त्या वर्षीच्या सगळ्यात चांगल्या फिल्मचं बक्षीस मिळालं. ढाल होती. ती मी पप्पांच्या हातात दिली. त्यांनी ती रुमालानं पुसली.

बसस्टॉपवर उभे असताना ते म्हणाले, "छान झालंय. दुकान स्वच्छ दिसतंय." मग जरा वेळानं, "मी बोललो ते मागून लावणार का?"

मी म्हणाले, "काय?"

"नाय, म्हणजे, पहिल्या रविवारी लग्नापर्यंत सांगितलं. दुसऱ्याला तुझ्या जन्माचं. तिसऱ्याला तिचं दुखणं सुरू झालं ते. आणि दवाखान्यातले अकरा दिवस शेवटच्या रविवारी. ते लय लांबलं, पण त्यात मी काय सोडलं नाय. समोर बसून तुला सांगणं मला जमत नव्हतं. म्हटलं, कॅमेऱ्यात राहील, पाहिजे तेव्हा ऐकशील."

बस आली. मी म्हणाले, "हो, लावणार ना. दुसऱ्या भागात." ते मान हलवून चढले. खिडकीतून त्यांनी हात केला, मीही केला, आणि बस गेल्यावर मी तिथल्या कट्ट्यावर बसले. पुढच्या तीन बसेस मी सोडल्या, एवढंच आठवतं. आपण काय केलंय ते मला त्या कट्ट्यावर पुरतं कळलं. आणि ते सांगायला माझ्याजवळ कोणीच नव्हतं. सांगण्यासारखा एकच माणूस होता आणि तो बसनं कॅम्पाकडं चालला होता.

त्यांनी नंतर दोनदा-तीनदा विचारलं. दर वेळी बिचकत, आपण फार मागतोय की काय अशा आवाजात. मी म्हणायचे, काम चालू आहे. मग त्यांनी विचारणं सोडलं.

सगळं कच्चं फुटेज माझ्याकडं आहे. लग्नाच्या कामातून सवड मिळाली की मी ते लावते. माझ्या खोलीत संगणकाचा पंखा फिरत असतो, पडद्यावर पप्पा बोलत असतात. पहिल्या तीन रविवारांत तर नुसते हात. तोंड दिसतं ते फक्त चौथ्या रविवारी, पण तिथं त्यांची मान खाली आणि मिशा. एकदा ते मी मूकबधिर शाळेतल्या, ओठांवरून शब्द ओळखणाऱ्या एका बाईंना नेऊन दाखवलं. त्यांनी फार मनापासून पाहिलं. म्हणाल्या, "चेहरा समोर असता तर चार शब्द तरी काढले असते. यांचं तर सगळं हनुवटीतच राहिलंय." त्यांनी मला चहा पाजला आणि मी परत आले.

असं बघता बघता एकदा मला ते थांबणं कळलं. आमच्याकडं गोष्ट सांगताना समोरच्यानं मध्ये मध्ये हं म्हणायचं असतं. पप्पा तर त्यावाचून पुढं जायचेच नाहीत. नामपूरला मारुतीच्या पारावर कोणी गोष्ट सांगायला बसला की एकाला मुद्दाम हुंकार द्यायला बसवायचे, असं ते सांगत. लहानपणी मी झोपेला आले तरी गोष्ट पुरी व्हावी म्हणून डोळे मिटून हं हं करत राहायचे. फुटेजमध्ये खडू थांबतो तो तिथं. एक वाक्य सांगून ते थांबतात, वाट बघतात, आणि माझा हं येत नाही म्हणून पुन्हा रेघ ओढायला लागतात. पहिल्या रविवारी ते जास्त वेळ थांबतात, तिसऱ्या रविवारी कमी. सरांना ज्यात एकटेपण दिसलं, दर वर्षी मुलांना ज्यात एकटेपण दिसतं, ते खरंच एकटेपण आहे. फक्त ते त्यांचं आधीपासूनचं नव्हतं. ते मी तिथं, तीन हातांच्या अंतरावर बसून, कानात धून लावून तयार करत होते. हे कळलं त्या दिवशी मी संगणक बंद करून भिंतीकडं तोंड करून पडले. मला माझी इतकी चीड कधी आली नव्हती.

चौथ्या रविवारी मात्र ते एकदाही थांबत नाहीत. अर्धा तास सलग बोलतात. का ते मला समजत नव्हतं.

कॉलेजातल्या त्या मुलीला मी "हो" म्हणून आले त्याच आठवड्यात पप्पांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. पप्पांनी एका जवानाच्या दंडावरच्या फिती उलट्या शिवल्या होत्या, आणि उसवून परत शिवल्या त्याही उलट्याच. त्याआधी एका गिऱ्हाइकाचं माप दोनदा घेतलं होतं, तेही एकाच दिवशी. मी त्यांना डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले की, विसरण्याची सुरुवात आहे, हळूहळू वाढेल, त्यांना एकटं ठेवू नका. पप्पा बाहेर आल्यावर म्हणाले, "चांगला माणूस आहे, पण कॉलर नीट नाय त्याची."

पुढच्या रविवारी मी आवाज घ्यायचं यंत्र घेऊन कॅम्पात गेले. चहा झाल्यावर म्हणाले, "पप्पा, ते दवाखान्यातलं मला पुन्हा सांगा ना."

"सांगितलं की एकदा. आहे ना तुझ्याकडं?"

"आहे. पण पुन्हा सांगा."

"कशाला पुन्हा?" ते हसले. "तुला सांगू का, आधी मी रोज सकाळी उठलो की ते सगळं मनात म्हणून घ्यायचो. ती काय बोलली, कुठल्या दिवशी बोलली. विसरून जाईन अशी भीती वाटायची. तू भरून घेतलंस आणि मी सुटलो. आता म्हणत नाय. आता तर नीटसं आठवतही नाय बघ." त्यांनी डोक्याला हात लावला, थट्टेत लावतात तसा. "एवढ्यात जरा गडबड व्हायला लागलीय. म्हणून म्हणणारच होतो, एकदा लावून दाखव मला. दोघं बसून ऐकू."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण माणूस इतक्या निश्चिंत तोंडानं आपल्याकडं बघत असला की, तोंडातून भलतंच निघतं. मी म्हणाले, "लॅपटॉप आणलाय. पण त्याचा स्पीकर बिघडलाय."

"मग नुसतं बघू. तेवढंच."

कटिंगच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. चौथा रविवार लावला. पप्पा चष्मा पुसून शेजारी बसले. पडद्यावर त्यांचं दुकान, ते खुर्चीत, मांडीवर हात, ओठ हलताहेत. दुकानात ट्रायलचा मोठा आरसा आहे, तो त्यांच्या मागं दिसतो. मी हे फुटेज किती वेळा पाहिलं असेल याचा हिशेब नाही, पण दर वेळी माझं लक्ष ओठांवर असायचं. पप्पा मात्र आरशाकडं बघत होते. आरशात दिवा दिसत होता, कॅमेऱ्याचा स्टँड दिसत होता, आणि स्टँडमागचं स्टूल दिसत होतं. स्टूल रिकामं होतं.

त्यांनी बोट पुढं केलं आणि पडद्यावर त्या स्टुलापाशी टेकवलं.

"तू इथं नव्हतीस?"

मी मान हलवली. "बाजारात गेले होते. खायला."

त्यांचं बोट स्टुलावरच राहिलं. मग मी बाकीचंही सांगितलं. स्पीकर चांगला आहे, आवाज मी त्या वेळीच बंद केला होता, चारही रविवार, कुठंही एक शब्द नाही. मी रडत होते की नव्हते ते मला सांगता येणार नाही, आवाज तरी सरळ होता. पप्पांनी बोट काढून घेतलं.

"दिव्यामुळं मला मागचं काय दिसत नव्हतं," ते म्हणाले. "तू हं म्हणत नव्हतीस. मला वाटलं, रडतीय पोरगी. म्हटलं, थांबलो तर तिला आणखी अवघड होईल. म्हणून न थांबता सांगून टाकलं."

मी त्यांचा हात धरला. बोटांना खडू लागलेला होता. ते रागावले असते तर बरं झालं असतं, पण त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि खुर्ची माझ्याकडं वळवली.

"थांब. परत सांगतो. आता समोर बस."

मी यंत्र चालू करून समोर बसले.

"पहिल्या दिवशी तिला खिडकीजवळची खाट दिली," ते म्हणाले. "ती म्हणाली, ऊन येतंय, बरं वाटतंय."

"हं."

"मग..." ते थांबले. "मग तिनं तुझं विचारलं. पेपर कुठला आहे म्हणाली. मी सांगितलं."

"हं."

"मग ती म्हणाली..."

पप्पा थांबले. मी हं म्हणाले. मी पुन्हा हं म्हणाले. त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. त्यांनी एकदा छताकडं पाहिलं, एकदा स्वतःच्या हातांकडं. मग ते वळले आणि लॅपटॉपवर वाकले. तिथं फुटेज अजून चालू होतं आणि ते स्वतः मान खाली घालून काहीतरी सांगत होते. पप्पांनी चष्मा नाकावर सरकवला आणि आपल्याच हलणाऱ्या तोंडाकडं बघत राहिले. पडद्यावरच्या तोंडाबरोबर त्यांचे ओठही हलायला लागले. आवाज फुटला नाही.